हेकरूंच्या वाट्याची हवा

लेक लग्न होऊन थाइचुंगला गेली आणि पाओचूनं तिची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी केली. पाहुणेरावळे आले तर सोय होईल, असं तिच्या नवऱ्याला, मिंगफाला वाटलं. पण महिन्याभरात त्या खोलीत तांदळाची पिंपं आली, पाण्याचे कॅन आले, छोट्या शेगडीचे गॅसचे डबे, मेणबत्त्या, औषधं, डब्यातले मासे, शेवयांची खोकी. पाहुण्याला पाय ठेवायला जागा उरली नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात उगाच शिरलेलं नव्हतं. सासऱ्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. गाव ज्यांना थियानकाका म्हणायचं त्या या म्हाताऱ्यानं जन्मभर सिगारेटी ओढल्या होत्या आणि आता त्यांच्या नाकात नळी होती. पलंगाशेजारी हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. एका वर्षी वादळात वीज गेली, मशीन थांबलं आणि बघता बघता म्हाताऱ्याचे ओठ जांभळे पडले. त्या वेळी अॅम्ब्युलन्स कशीबशी पोचली. ती दारात येईपर्यंत पाओचू नुसती हात चोळत उभी होती. ते हात चोळणं ती विसरली नाही. आपल्या घरापुरतं आपण बघायचं, पुन्हा कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

थांगवेई गावाला याची मोठी गंमत वाटायची. "पाओचू, तुझ्या दुकानात बर्फ मिळेल का गं?" असं बायका बाजारात विचारायच्या. मिंगफाही त्यांच्यात सामील होऊन हसायचा. एकदा तर मित्र आले म्हणून त्यानं वरच्या खोलीतले माशांचे डबे आणले आणि बियरबरोबर संपवून टाकले.

"अगं, चार डबे होते," तो म्हणाला.

"ते डबे खायला नव्हते."

"माशांचे डबे खायला नसतात?"

नवरा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. जामाची बाग होती त्याची, आणि बागेत फळ धरलं की निम्मं तो वाटूनच टाकायचा. कुणाचा ट्रॅक्टर बिघडला, कुणाच्या छपराचा पत्रा उडाला, कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं आहे, मिंगफा हजर. गावात एकाही माणसाला त्याच्या तोंडून नाही हा शब्द ऐकल्याचं आठवत नसेल. घरच्यांना मात्र तो नेहमी ऐकावा लागायचा, कारण घरच्या कामाला त्याला वेळ नसायचा.

खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे बॅटरी. चांगली पेटीएवढी होती, एकट्यानं उचलत नसे. पूर्ण भरलेली असली की मशीन अख्खी रात्र आणि वर दुसरा दिवसही चालवायची. पाओचूनं ती पाहून, निरखून, दुकानदाराला भंडावून सोडून घेतली होती. शिवाय एक ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो काही तासांपुरताच.

वादळाचा इशारा आला त्या सकाळी ती भाजी निवडत होती. भाजी तशीच टाकून ती वर गेली. पाणी बघितलं, गॅस बघितला, आणि दारामागे वळली तर बॅटरी नव्हती. फरशीवर नुसता तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता.

"मिंगफा!"

मिंगफा जिन्यात आला.

"बॅटरी कुठाय?"

त्यानं मान खाजवली. तो मान खाजवायला लागला की घरातलं काहीतरी गेलेलं असायचं.

"देवळात आहे."

"देवळात? देवाला दम लागतो का?"

"अगं, वांगयेदेवांचा वाढदिवस नव्हता का झाला. देवळातला वानफू म्हणाला, मंडपात जनरेटर लावला की त्याच्या धडधडाटात कुणाचं गाणंच ऐकू येत नाही. माइक, स्पीकर सगळं आणलंय आणि मजा नाही. म्हटलं, आपल्याकडे बॅटरी नुसती पडून आहे..."

"पडून आहे!"

"विचारणारच होतो तुला."

"कधी विचारणार होतास? बाबांच्या फोटोला हार घालताना?"

खालच्या खोलीतून मशीनच्या घुरघुरीवरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मी ऐकतोय बरं का. अजून आहे मी."

मिंगफा भर पावसात हातगाडी घेऊन देवळात गेला आणि बॅटरी ताडपत्रीत गुंडाळून घेऊन आला. ती ठणठणीत रिकामी होती. गाणी संपल्यावर कुणी बंदसुद्धा केली नव्हती, रंगीत दिवे तसेच तिच्यावर जळत राहिले होते. पाओचूनं ती भिंतीला लावली. पडद्यावर भरल्याच्या रेघा दिसायच्या, त्यातली पहिली हळूहळू उघडझाप करायला लागली.

तोवर तिनं तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला.

"वीज गेली की लगेच घेऊन या पेशंटला," पलीकडची मुलगी म्हणाली.

"वीज जाते तेव्हा आमचा रस्ताही जातो. पुलावर पाणी येतं."

"मग आधीच आणा ना."

"आधी आणलं तर ठेवून घ्याल?"

"खाट रिकामी असली तर."

"आहे का?"

"आत्ता नाहीये, ताई."

पाओचूनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून क्षणभर उभी राहिली. तसंही म्हातारा दवाखान्यात जायला तयार नव्हताच. तिथली पेज खळीसारखी लागते, असं त्याचं म्हणणं.

बॅटरीची एक रेघ भरली, दुसरी लुकलुकायला लागली आणि वीज गेली.

त्या रात्रीबद्दल पाओचू पुढे कधी फारसं बोलली नाही. वारा होता, पत्रे उडत होते, गावात पाणी भरत होतं. पाण्याचं थांगवेईला नवल नव्हतं. मत्स्यतळ्यांसाठी जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं उपसून जमीन खचली होती आणि आता थोडा पाऊस झाला तरी समुद्र विचारपूस करायला घरात यायचा. त्यांनी संध्याकाळीच म्हाताऱ्याला वर आणून झोपवलं होतं. बॅटरी संपली तेव्हा पाओचूनं सिलिंडर जोडला. मिंगफाला ते जमत नव्हतं. त्यानं कधी शिकूनच घेतलं नव्हतं, तो नुसता टॉर्च धरून उभा राहिला आणि दर थोड्या वेळानं विचारत राहिला, "होईल ना गं?"

उजाडलं तेव्हा गल्लीत मांडीभर पाणी होतं. फोन मेले होते. मिंगफा पुलापर्यंत जाऊन आला, पूल दिसतच नव्हता. सिलिंडरचा काटा खाली खाली चालला होता. म्हातारा डोळे मिटून, एकेक श्वास मोजून घ्यावा तसा घेत होता.

आणि वारा पडल्यावर त्या शांततेत लांबून एक आवाज येत होता. धड धड धड धड. कुनशानचा जनरेटर.

पाओचू खिडकीत थिजल्यासारखी झाली. साऱ्या गावात नेमका कुनशान.

बांधापलीकडे कुनशानची हेकरू माशांची तळी होती. मिंगफाचा तो लहानपणापासूनचा मित्र. पण गेल्या वर्षी पाओचूनं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या आणि त्याच्या उपशाच्या पंपाविरुद्ध तक्रार नेऊन दिली होती. खोटं काही लिहिलं नव्हतं. तिच्या घराची सगळ्यात खालची पायरी जमिनीत गेली होती, भिंतीला तडा गेला होता. साहेब आले, फोटो काढले, चहा पिऊन गेले. पंप चालूच राहिला. फक्त कुनशान आणि त्याची बायको लीशिया, दोघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मिंगफाशी मात्र ते पूर्वीसारखेच हसूनखेळून होते, याचाही तिला राग यायचा.

"मी जातो कुनशानकडे," मिंगफा म्हणाला.

"तू बाबांजवळ थांब. तू गेलास तर वाटेत कुणाचं तरी छप्पर धरून उभा राहशील."

पँट वर गुंडाळून, काठीनं तळ चाचपत ती निघाली. पाण्यातून कुणाचं खुराडं तरंगत चाललं होतं, कुणाच्या चपला. पाणी थंड होतं, पण तिचे कान तापले होते. इतकी वर्षं जमवाजमव केली ती हे करावं लागू नये म्हणूनच ना?

कुनशान बांधावर रेनकोट घालून उभा होता. डोळे तांबडे झाले होते. त्याच्यासमोर तळ्यांमधली चाकं पाणी उडवत गरगर फिरत होती. ती थांबली तर पाण्यातली हवा संपते आणि मासे गुदमरतात. म्हणून तर इथले लोक घरात दिवा नसला तरी चालवून घेतात, पण तळ्यावर जनरेटर ठेवतातच.

"कुनशानभाऊ."

त्यानं बघितलं आणि पुन्हा तळ्याकडे तोंड केलं. "तुमच्या दारातलं पाणी मी सोडलेलं नाही, वहिनी. आभाळातनं आलंय. त्याच्याविरुद्ध कुठं सह्या करायच्या ते मला माहीत नाही."

पाओचूनं ते गिळलं. "बाबांचा सिलिंडर संपत आलाय. मशीनला वीज हवी."

"आणि ती बॅटरी? गावभर दाखवलेली?"

"मिंगफानं देवळात दिली. गाण्यांना."

आता कुनशान पुरता तिच्याकडे वळला. त्याच्या थकल्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं आणि त्याला ते आवरत नव्हतं. "मी पण गायलो त्या दिवशी," तो म्हणाला. "आवाज काय सुरेख येत होता!"

पाओचूला वाटलं, हातातली काठी त्याच्या डोक्यात घालावी. नाहीतर इथंच चिखलात बसून रडावं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती म्हणाली, "देताय की नाही तेवढं सांगा. वेळ नाहीये."

हसू गेलं. कुनशाननं जनरेटरकडे पाहिलं, तळ्यांकडे पाहिलं. "पाण्यातून वायर नेता येणार नाही, सगळेच चिकटून मरू. म्हाताऱ्याला इकडे आणा. लीशिया, खाद्याची खोली मोकळी कर!"

मासे वाहायचा मोठा प्लास्टिकचा टब घेऊन ते गेले. मिंगफानं वडिलांना पाठीवर घेऊन खाली आणलं आणि गादी घालून टबात बसवलं. मांडीवर सिलिंडर, डोक्यावर छत्री. पुढून कुनशान ओढत होता, मागून मिंगफा ढकलत होता आणि पाओचू मशीन डोक्यावर घेऊन चालली होती.

"बाजारात नेताय का रे मला?" म्हातारा धापा टाकत म्हणाला.

"गिऱ्हाईक नाही मिळायचं काका तुम्हाला," कुनशान म्हणाला. "नुसती हाडं."

दोघंही पुरुष हसले. पाओचू हसली नाही. काट्याकडे बघत होती ती.

खाद्याची खोली बांधावर उंचावर होती आणि हलका वारा तिच्याकडून जनरेटरकडे वाहत होता, म्हणून धूर आत येत नव्हता. माशांच्या खाद्याचा उग्र वास मात्र भरून राहिला होता. पोत्यांवर गादी टाकली, दिव्याच्या लाइनवर मशीन जोडलं. ते घुरघुरलं. थोड्या वेळानं म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग आला आणि पाओचू पोत्याला टेकून खाली बसली. लीशियानं काही न बोलता तिच्या हातात कोरडा टॉवेल दिला.

इथं सगळं निभावलं असतं तर गोष्ट एवढीच होती. पण अर्ध्या तासात मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. कुनशाननं पलीकडच्या तळ्यावरची चाकं सुरू केली होती. जुनी मोटर, चालली की एवढी वीज ओढायची की दिवे मंद व्हायचे आणि नाजूक मशीनला ते सोसायचं नाही. रिकामी बॅटरी भरायची म्हटली तरी जनरेटरला आणखी ओझं पेलणार नव्हतं. पाओचूनं ते पुन्हा चालू केलं. कुनशाननं थोडं थांबून पुन्हा चाकं लावून पाहिली. पुन्हा किंचाळी. म्हातारा एवढा घाबरला की त्याच्या हातातला पेला पडला.

"सगळी तळी एकदम चालत नाहीत माझी," कुनशान दारात येऊन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आलटून पालटून फिरवावी लागतात. त्या तळ्याला आता हवा पाहिजे."

पाओचूनं म्हाताऱ्याची नळी नीट बसवली. काय बोलणार? तिकडे हजारो मासे आणि त्याचं वर्षाचं पोट होतं. इकडे एक म्हातारा होता.

"असू दे रे," म्हातारा नळीतून म्हणाला. "मी पुष्कळ जगलोय. माशांना दे."

"तुम्ही गप्प बसा, बाबा!" पाओचू खेकसली.

कुनशाननं चौकटीवर हात आपटला. मग शिवी हासडून तो गेला. कुणाला दिली ते कळलं नाही. पलीकडचं तळं त्यानं बंदच ठेवलं. पाण्यात टाकायची ऑक्सिजनची पावडर होती, तिची पोती फोडून तो आणि लीशिया बांधावरून फेकत राहिली. पावडर जेमतेम होती.

दुपारी पाओचू त्या तळ्याशी गेली. मासे वर आले होते. चांगले हातभर लांबीचे, धिप्पाड, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं. तिला सासऱ्यांचे जांभळे ओठ आठवले आणि ती तिथून पळाली.

त्यात डिझेल संपत आलं. कुनशाननं बेताचं ठेवलं होतं, पण पुराचं पाणी शिरल्यामुळे एक पिंप वाया गेलं होतं. पूल उघडेपर्यंत ते पुरणार नव्हतं.

"मी बघतो," मिंगफा म्हणाला.

"काय बघतोस तू?" पाओचू उसळलीच. "बॅटरी बघितलीस तशी? डबे बघितलेस तसे? तुझ्या बापाचा जीव गाण्यांवर उधळलास आणि आता मी बघतो म्हणतोस!"

सगळ्यांसमोर ती कधी असं बोलली नव्हती. लीशियानं मान खाली घातली. मिंगफाचा चेहरा पडला. तो टब ओढत पाण्यातून निघून गेला.

परत आला तेव्हा टबात डिझेलचे कॅन होते. कुणी ट्रॅक्टरमधलं काढून दिलं होतं, कुणी होडीतलं, कुणी भाताच्या मळणीयंत्रातलं. वानफूनं देवळाच्या जनरेटरचं सगळंच्या सगळं ओतून दिलं होतं. मिंगफा कॅन उतरवून पुन्हा गेला, पुन्हा भरून आला. त्याच्या मागून लोकही यायला लागले. एकानं खांद्यावरून कॅन आणला, दुसरा नुसताच मदतीला आला.

"तुम्ही पुलाजवळच्या वस्तीतले कुणाला थेंब देत नाही," पाओचू कॅन आणणाऱ्या एकाला म्हणाली. "मग हे कसं दिलंत?"

"मिंगफा मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?" तो म्हणाला. "माझ्या आईला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं."

हे ऐकून पाओचूला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या दुप्पट तिडीक डोक्यात गेली. इतकी वर्षं ती जीव तोडून खोली भरत राहिली, तारखा बघून डबे बदलत राहिली, लोकांची थट्टा सोसली, आणि हा मनुष्य? हा वाटत सुटला, विसरत सुटला, आणि ऐन वेळी गाव त्याच्यामागे टाक्या उपसायला उभं. यात न्याय कुठं होता? बरं, त्याला ते कळतही नव्हतं. चिखलानं माखून, दात काढत तो कॅन उतरवत होता. आपण काही साठवलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

लोक आले म्हणजे त्यांना खायला हवं. कुणाच्या घरात कोरडं काही उरलं नव्हतं. पाओचू वरच्या खोलीतून तांदूळ, पाणी, शेगडी, मासे सगळं टबातून घेऊन आली आणि बांधावर चूल मांडल्यासारखी बसली. रताळं घालून पेज केली. पहिल्याच पंगतीला पातेलं रिकामं.

"अजून एक वाटी घाल गं, पाओचू."

"एकेकच वाटी. उद्याचं काय?"

"उद्या पूल उघडेल."

"आणि नाही उघडला तर?"

"तर तुझं दुकान आहेच की!" आणि सगळे हसले. तिनं डाव जोरात पातेल्यावर आपटला. कुणी मनावर घेतलं नाही. वाटी पुढेच होती. तिनं घातली.

पूल दुसऱ्या दिवशीही उघडला नाही. तांदळाचं पिंप तळाला गेलं. शेवयांची खोकी रिकामी झाली. जे तिघांना महिनाभर पुरावं असं तिनं ठरवलं होतं, ते गावानं डोळ्यांदेखत संपवलं. आणि त्या सगळ्या वेळात म्हाताऱ्याचं मशीन पुन्हा एकदाही थांबलं नाही. तो पोत्यांवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत होता. घरी महिनोन् महिने त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. पाओचूला तो इतका तरतरीत दिसला नव्हता कधी. तिला त्याचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीज आली. गावभर आरडाओरडा झाला, देवळात फटाके वाजले. वानफूनं सगळ्यांना सांगितलं, वांगयेंची कृपा. मिंगफा वडिलांना टबात घालून घरी घेऊन गेला.

पलीकडच्या तळ्यावर सगळे हेकरू उलटे होऊन तरंगत होते.

पाओचू घरी गेली नाही. तिनं रबरी हातमोजे मागून घेतले आणि जाळीनं मासे काठाला ओढायला लागली. उन्हं चढत होती, वास सुटायला लागला होता. कुनशान दुसऱ्या टोकाला होता. तो काहीतरी बोलेल याची ती वाट बघत होती. या तीन दिवसांत तिच्याखेरीज कुणीच कुणाला धारेवर धरलं नव्हतं. वानफूनं बॅटरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दवाखान्यातल्या मुलीला तो फोन आठवतही नसेल. मिंगफा दोनदा "चुकलं माझं" म्हणाला होता, पण चहात साखर जास्त झाली तरी तो असंच म्हणायचा.

शेवटी कुनशाननं जाळी खाली टाकली.

"पुढची तक्रार लिहाल ना, वहिनी, तेव्हा त्यात हे तळं पण लिहा."

"लिहीन," पाओचू म्हणाली. विचित्र म्हणजे तिला बरं वाटलं. कुणीतरी चिडलं होतं. "पण तक्रार मी मागे घेणार नाही. माझं घर खचतंय."

"माझं पण खचतंय. कोणाला हौस आहे उपसायची? गोडं पाणी दुसरीकडून आणून द्या, मी उद्या पंप काढून टाकतो."

"मग तुम्ही सही का नाही केली माझ्या कागदावर? तेच तर मागितलं होतं त्यात."

"मी वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "नुसतं माझं नाव दिसलं."

पाओचूनं आभाळाकडे बघितलं. वर्षभर! अख्खं वर्ष तोंड फिरवून बसली होती ही माणसं, कागद न वाचता.

"वाचायला काय झालं होतं?"

"तुम्ही नीट सांगायला काय झालं होतं? हातात कागद, कपाळाला आठी. तुम्ही आलात की माणूस आधी दार लावतो."

एक मोठा मासा जाळीत अडकला होता, दोघांनी मिळून तो सोडवला.

"म्हाताऱ्याच्या मशीनला माझी लाइन चालायची नाही," कुनशान थोड्या वेळानं म्हणाला. "मोटर बदलेपर्यंत तर नाहीच. वेगळा छोटा जनरेटर पाहिजे."

"तो मी घेणारच आहे."

"घ्या. पण तुमच्या घरी ठेवाल तर पाण्यात जाईल. इथं बांधावर ठेवा. माझं डिझेल कायम ताजं असतं."

"इथं ठेवला तर तुम्ही माशांना लावाल."

"लावीन की. मासे मरत असतील तर लावीन."

"मग कसला माझा?"

"मग घरी ठेवा आणि मिंगफा देवळात देईल!"

"मग इथं बांधावर तांदळाला, पाण्यालाही एक खोली बांधायची," ती म्हणाली. लीशिया चहा घेऊन आली तेव्हा ते दोघं खोलीच्या कोणत्या भिंतीला काय ठेवायचं यावरून भांडत होते. पाओचूचं म्हणणं, पावसाच्या बाजूला खिडकी नको. कुनशानचं म्हणणं, खिडकी नसेल तर धूर जाणार कुठं? लीशियानं दोघांच्या हातात कप दिले आणि तीही म्हणाली की दोघांनाही काही कळत नाही, खोली मुळात आणखी उंच बांधायला हवी.

बोलणं तिथंच अर्धवट राहिलं. उरलेले मासे काढायचे होते, खड्डा खणून चुना टाकून पुरायचे होते. खणायला माणसं लागणार होती. पाओचूनं मोजे काढले, हात पुसले आणि मिंगफाला हाक मारायला घराकडे निघाली. त्याला सांगितलं की तो दहा जणांना घेऊन येणार, हे तिला माहीत होतं. आणि त्या दहा जणांना दुपारी जेवायला घालायचं कुठून, हा विचार वाटेतच तिच्या डोक्यात सुरू झाला.